हळदी रंगाची चिंधी

"घाई कुणाला हाय? घोड्याला, का तुम्हाला?"

हे विचारताना उस्ताद आपल्याकडे बघत नसत. घोड्याच्या पोटाखाली वाकून खोगिराचा पट्टा आवळत असत आणि प्रश्न त्या पोटाखालूनच यायचा, चिडका. उत्तराची अपेक्षा नसायचीच. पट्टा आवळून झाला की उभे राहून त्यावर थाप मारायचे आणि दुसरं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "माझी गाठ सुटत न्हाई."

ही दोन वाक्यं मी पाच वर्षं पोटात ठेवून फिरतो आहे. आता लिहून टाकतो.

नांदेडात आमचा सात-आठ जणांचा घोडेस्वारीचा हौशी गट आहे. दर रविवारी सकाळी शहराबाहेर रपेट. मुदखेडच्या अंगाला केळीच्या बागांमधून जाताना तुम्ही आम्हाला पाहिलं असेल, आणि आमची हेल्मेटं, बूट बघून हसलाही असाल. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. गटात कापडाचे एक व्यापारी आहेत, त्यांना सगळे शेठ म्हणतात. एक डॉक्टर मॅडम होत्या, पांढऱ्या घोडीवर बसायच्या. बाकीचेही आमच्यासारखेच, पोट सुटल्यावर घोडे आठवलेले. आणि आम्हा सगळ्यांचे घोडे वळणावर आणायला होते उस्ताद. मूळचे लातूरकडच्या मुरुडचे, साठी ओलांडलेले, सदा कुणावर तरी भडकलेले. शिवी मात्र त्यांनी घोड्याला कधी दिली नाही. जे काही असेल ते स्वाराला.

एकदा मॅडमनी चालत्या घोडीवरून फोटो काढायला मोबाईल वर केला. उस्ताद म्हणाले, "म्याडम, पेशंटचं पोट उघडं टाकून फोटू काढता का तुमी?" मॅडम आठवडाभर तो किस्सा दवाखान्यात सांगत होत्या.

माळेगावच्या जत्रेतून मी एक कुमैत, तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा घोडा आणला. चार वर्षांचा, खच्ची न केलेला नर, मान अशी की रस्त्यावरची माणसं गाडी थांबवून बघायची. मी त्याचं नाव सुलतान ठेवलं. उस्तादांनी ते एकदाही उच्चारलं नाही. ते त्याला पोरगं म्हणायचे. "सुलतान व्हाईल मंग. सध्या पोरगंच हाय. चार घोडे बघितले की येडं व्हतंय."

ते खरंच होतं. एकटा असला की शहाणा; गटात आणला की पुढच्याच्या अंगावर धावायचा, घोडीचा वास आला की मागच्या दोन पायांवर उभा. मला वाटायचं, उस्ताद त्याला दौडवून दमवतील. त्यांनी तीन महिने त्याला नुसतं मागं राहायला शिकवलं. आपल्या म्हाताऱ्या थंड घोड्यावर बसून ते पुढे निघून जायचे आणि मी सुलतानवर बसून जागच्या जागी उभं राहायचं. तो फुरफुरायचा, माती उकरायचा. उस्ताद परत यायचे आणि पुन्हा निघून जायचे. "फुडं जाणाऱ्याला जाऊ द्यायचं, एवढंच शिकवून राहिलो त्याला. ते आलं का समदं आलं." घोडीचा वास लागू नये म्हणून रपेटीआधी त्याच्या नाकपुड्यांना सर्दीचा बाम चोळायचे. माझा सुलतान पडसं झालेल्या आजोबांसारखा वास मारत चालायचा.

आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी ते एक चिंधी बांधायचे. त्यांच्याच जुन्या फेट्याची, हळदी रंगाची. गटात तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: हा घोडा नवा आहे, भरवसा नाही, मागच्यानं दोन घोड्यांचं अंतर ठेवावं. "वर्षभर चिंधी," उस्ताद म्हणाले होते. मला ते फार वाटलं होतं.

त्या रविवारी निघताना शेठ हसले. "सर, घोड्याला हळद लागली वाटतं. वऱ्हाड कुठलं?" सगळेच हसले, मीही हसलो. पण मला ते लागलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला एवढंसं लागावं, याची लाज मला आज वाटते. त्या दिवशी वाटली ती चिंधीची.

कालव्याजवळ चहाची टपरी आहे, तिथे थांबलो. उस्ताद म्हाताऱ्या घोड्याला पाणी पाजायला खाली उतरले. सगळ्यांचा फोटो निघणार होता. मी सुलतानच्या मागे गेलो आणि चिंधी सोडायला लागलो. गाठ सुटेना. नखं लावली, दात लावायचं तेवढं बाकी राहिलं. शेवटी टपरीवरची लिंबू कापायची सुरी घेतली, गाठीच्या बाजूनं चिंधी कापली आणि खिशात घातली. फोटो झाला. फोटोत सुलतान खरोखर सुलतान दिसतो.

पुढे कालव्याचा भराव अरुंद होता. उस्ताद सगळ्यांच्या पुढे, मी मध्ये, मॅडम माझ्या मागे. चिंधी दिसत नव्हती, उस्तादांनीच सोडली असेल असं समजून त्यांनी घोडी जवळ आणली. बाम तोवर उडून गेला असणार. सुलताननं एकदम मागचा भाग वळवला आणि लाथ झाडली. ती घोडीला लागलीही नाही, पण घोडी बिचकून मागच्या पायांवर उभी राहिली आणि मॅडम भरावावरून खाली दगडांत पडल्या. उजवं मनगट मोडलं. शस्त्रक्रिया करणारा हात होता तो.

उस्तादांनी घोडा फिरवला, उडी मारली, सुलतानचा लगाम धरला, त्याला नुसतं नाकाशी हात लावून शांत केलं. मग मॅडमजवळ गेलो सगळे. त्या वेदनेतही त्या म्हणाल्या, "चिंधी नव्हती हो. असती तर मी लांब राहिले असते."

शेठ उस्तादांकडे वळले. "सकाळी तर होती. कशी बांधली होती?"

उस्तादांनी सुलतानच्या शेपटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा हात खिशावर होता. त्यांची नजर त्या हातावर आली आणि तिथे थांबली. मी तोंड उघडलं नाही.

"गाठ ढिली बसली आसंल माझी," उस्ताद म्हणाले.

बास. पुढचं सगळं त्या वाक्यावर झालं. उस्तादांचा हात आता कापतो, वय झालं, असं शेठनी ठरवलं आणि महिन्याभरात ते सगळ्या नांदेडात पसरलं. ज्याच्या गाठीचा भरवसा नाही त्याच्या हाती घोडा कोण देणार? गटाची बैठक झाली, उस्तादांना रजा देण्याचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. नंतर सुलतानलाही मी भडकू ठरवून विकला. माझा एक खोटेपणा झाकायला दोघांचा बळी गेला.

मॅडमनी स्वारी सोडली. हात बरा झाला, पण पूर्वीसारखा नाही.

तीन वर्षांनी लातूरला एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो. संध्याकाळची वरात, कानठळ्या बसवणारा बाजा, फटाके. नवरदेवाचा घोडा बघितला आणि माझे पाय थांबले. तीच मान. शेजारून दुसरी वरात गेली, तिच्यात घोडी होती. सुलताननं कान हलवले आणि जागच्या जागी उभा राहिला. तिला जाऊ दिलं. घोडेवाला कौतुकानं म्हणाला, "लई शाना हाय. कुणी शिकवला काय म्हाईत." मला नाव सांगता आलं असतं. मी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मुरुडची बस धरली. उस्ताद तिथे एका आडतीवर सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत बसले होते. हातात दाभण आणि सुतळी. मी पुढ्यात बसलो आणि सगळं सांगितलं, लिंबाच्या सुरीसकट. त्यांनी टाका घालणं थांबवलं नाही.

"उस्ताद, तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"म्या बोलायचं?" दाभण पोत्यात तशीच राहिली. "तुमी बोलाल म्हणून थांबलो. म्हणलं, भेलेत. चार पावलं चालतील, बोलतील. म्याडमला गाडीत घातलं तवर वाट बघितली. बैठकीच्या दिवशी बघितली. तुमी हात वर केला."

"माझं चुकलं."

"हे मला कशाला सांगून राहिले? मला त्याच दिवशी म्हाईत व्हतं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, तागडीजवळचे हमाल वळून बघायला लागले. "ज्यास्नी म्हाईत न्हाई, त्यास्नी सांगा जावा. तितं माझी गाठ ढिली हाय अजून."

मी येतो म्हणालो. त्यांनी पोतं ओढलं.

तुम्हाला वाटेल, मी नांदेडला उतरून थेट मॅडमकडे गेलो. नाही गेलो. परीक्षा आल्या, मग निकाल, मग दिवाळी. घाई कुणाला होती? जवळजवळ दोन वर्षं गेली. मग आडतीवरून कळलं की उस्ताद गेले. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते, तसेच.

त्यानंतरच्या रविवारी मी गटासमोर सगळं बोललो. शेठ म्हणाले, "जाऊ द्या ना सर, जुनी गोष्ट. माणूसही राहिला नाही आता." आणि चहा मागवला. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण ते माझंच बोलणं होतं, पाच वर्षं मी स्वतःशी हेच म्हणत आलो होतो.

मग मॅडमच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "चिंधी आहे?"

मी खिशातून काढून टेबलावर ठेवली. रंग उडालेला, एका बाजूला सुरीनं कापलेली, गाठीत सुलतानचे तीन-चार केस अडकलेले. मॅडमनी ती डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताच्या त्या आखडलेल्या बोटांनी गाठ सोडायला लागल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते. नर्स दोनदा डोकावून गेली. मॅडमनी चष्मा चढवला, चिंधी दिव्याखाली धरली, पुन्हा नखं लावली.

गाठ सुटली नाही.