बेटाभोवतीचं पाणी

आमच्या मामाला माणसांतलं फारसं कळत नसे, पण पाणी कळे. पाणथळीतल्या पक्षी-अभयारण्याची पाणी अडवणारी लोखंडी दारं वर-खाली करण्यात त्याची एकतीस वर्षं गेली. बाहेरच्यांना ते एकच तळं दिसायचं, आणि मामा चिडायचा. "एक कसलं? चार घरं आहेत ती!" चिखलाच्या पट्टीवर बोटभर पाणी हवं, तरच लांब चोचीवाल्यांना किडे टिपता येतात. लव्हाळ्यात गुडघाभर, मधल्या डोहात पुरुषभर, तिथे बदकं बुड्या मारायची. बेटाभोवती मात्र चांगलं मांडीभर लागे. बेटावर सुरय पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात. पाणी कमी झालं की कोल्हा चालत जातो. इतक्या पाखरांची मर्जी सांभाळणाऱ्या माणसाला एकट्या मामीची मर्जी कधी जमली नाही.

बेटाचं पाणी तो स्वतःच्या खुंटीवर मोजायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी काठाजवळच्या चिखलात त्यानेच ती ठोकली होती, वर खाच पाडली होती. खाचेला पाणी टेकलं की दार बंद. गुडघे दुखायला लागल्यापासून तो काठावरूनच खाच बघे. आणि अंडी पडली की पाण्यात कोणी पाय घालायचा नाही, हा नियमही त्याचाच.

गेल्या वर्षी अभयारण्याच्या नव्या अधिकारी मॅडम आल्या आणि त्यांनी दाराच्या दगडी भिंतीवर लोखंडी मोजपट्टी बसवली. तिच्यावर पाणी वीतभर कमी दिसलं.

"काका, पाणी वाढवा."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, मॅडम? खाच समोर दिसतेय."

मी तिथल्याच ऑफिसात कारकून. मॅडमनी मला सांगितलं, अंडी पडायच्या आत पाण्यात उतरून मोज आणि लिहून दे. मी गेले. मामा काठावर उभा होता. नुसता माझ्याकडे बघत राहिला. वडील गेल्यावर याच माणसाने मला वाढवलं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची खुंटी तपासायची? आपलेच दात, आपलेच ओठ. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. ऑफिसात येऊन लिहिलं, पट्टी चुकीची बसली आहे.

पुढच्या महिन्यात एका सकाळी बेट गप्प होतं. सुरयांचा कलकलाट इतका असायचा की काठावर ओरडून बोलावं लागे. त्या दिवशी मला मामाचा श्वास ऐकू येत होता. त्याने पायजमा वर केला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून पाण्यात उतरला. पाणी मांडीला लागायला हवं होतं. ते नडगीच्या वर गेलंच नाही. पलीकडे ओल्या वाळूत कोल्ह्याची पावलं होती, फुटलेली टरफलं होती, पिसं होती. एकही घरटं वाचलं नव्हतं.

परतताना त्याने खुंटी उपटली. तिचा चिखलात रुतलेला भाग उघड्या भागापेक्षा लांब निघाला. दरवर्षी ती थोडी थोडी खाली बसत होती, खाच तिच्याबरोबर उतरत होती, आणि मामा इमानेइतबारे त्या खाचेपर्यंतच पाणी ठेवत होता.

"कोल्हा पोहून गेला असं लिहिते," मी म्हणाले.

"कशाला त्याच्यावर ढकलतेस? त्याने पाणी बरोबर मोजलं. माझं चुकलं ते लिही." मग म्हणाला, "आणि तू उतरली नव्हतीस, तेही लिही."

मी दोन्ही लिहिलं. मला समज मिळाली, त्याच्याकडून दारं काढून घेतली. निवृत्तीला सात महिने होते. मला त्याचा राग आला होता, माझा त्याहून जास्त.

यंदा पट्टीप्रमाणे पाणी आहे. अगदी मांडीभर. लव्हाळ्यात बगळे आहेत, डोहात बदकं आहेत, चिखलावर तर पाय ठेवायला जागा नाही. मी ऑफिसातून आले की मामा पलंगावर उठून बसतो आणि रोज तेच विचारतो.

"बेटावर आले का गं?"

एक शब्द खोटा बोलले तर म्हातारा जेवेल, हे मला ठाऊक आहे. मामीही दारातून डोळ्यांनी तेच विनवते.

"नाही, मामा," मी सांगते.