दुसऱ्या रविवारची मेणबत्ती

नाताळाआधीचे चार रविवार आम्ही येशूची वाट पाहतो. टेबलावर चार मेणबत्त्या मांडायच्या आणि दर रविवारी एक नवी पेटवायची, अशी रीत. गेल्या वर्षी पहिल्याच रविवारी तिन्हीसांजेला महाडची लाईट गेली. पहिली मेणबत्ती जळून संपली, तशी मी दुसरीला काडी लावायला गेले. नवऱ्याने हात धरला. "तिचा रविवार पुढचा आहे. धीर धर." जगाचा प्रकाश येणार म्हणून आम्ही तीन कोऱ्या मेणबत्त्यांसमोर अंधारात भांडत बसलो.

तेवढ्यात शेजारच्या काकू मेणबत्ती मागायला आल्या. "तीन हायत की गो!" नवऱ्याने त्यांनाही रीत समजावली. मला वाटलं, आता हसतील.

"म्हंजे निवद दाखवायच्या आधी हात लावायचा नाय, तसंच हाय," म्हणत त्याही बसल्या. आता अंधारात तिघं.

लाईट आली. "बघ, धीर धरला की उजेड येतो," नवरा म्हणाला.

"वायरमन खांबावर चढला की येतो," मी म्हटलं.

काकूंनी मात्र बल्बला हात जोडले होते. भांडणाच्या नादात आमची प्रार्थना राहूनच गेली होती. त्या संध्याकाळी घरात झाली ती तेवढीच.