वैद्यांनी तबला बांधून ठेवला तेव्हा

रियाधहून परत आलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, "सोनं किती आणलं?" आम्ही आणलं ते बेताचंच. किस्से मात्र मोप आणले! कस्टमवाल्यांना दाखवावे लागत नाहीत, ओव्हरवेट होत नाहीत, आणि गंमत म्हणजे ठेवून ठेवून वाढतात. एक काढायला जावं तर त्याला धरून चार बाहेर येतात. आमचे हे म्हणतात, "तू किस्सा सांगत नाहीस, लोणच्याची बरणी उपडी करतेस." म्हणू देत. आज नव्वद-एक्याण्णवची बरणी काढली आहे, म्हणजे कुवेतच्या लढाईची.

आधी मंडळी कोण ते सांगते. मी गाणारी. आमचे हे म्हणजे श्रीधर, नोकरी बँकेत आणि जीव पेटीत. तबल्याला वैद्य, मूळचे मिरजेचे, त्याच बँकेत कॉम्प्युटरवर. स्वभाव तिरसट, हात देवाघरचा. आणि इब्राहिमभाई, दापोलीकडचे, बथा बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान. ते वाजवत काहीच नाहीत, पण दाद अशी देतात की गाणाऱ्याला वाटावं आपल्याला खरंच येतं! त्यांच्या बायकोला आम्ही सगळे झुबेदाभाभी म्हणायचो.

दर शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये बैठक. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दाराला गादी टेकवलेली. बाईच्या गाण्याचा आवाज रस्त्यावर गेला तर पंचाईत. त्यामुळे तीन वर्षं मी यमन कुजबुजत गायले. तरीही सांगते, त्या दोन तासांवर माझा अख्खा आठवडा चालायचा. ते नसतं तर मला त्या गावात वेड लागलं असतं.

*

ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. वैद्यांची बायको मीना आणि दोन्ही मुली सुट्टीसाठी मिरजेला गेल्या होत्या, त्या तिकडेच राहिल्या. शुक्रवारी वैद्य आले, तबल्याच्या जोडीवर कापड टाकलं, दोरीने आवळून गाठ मारली आणि जोडी सोफ्यामागे सरकवली.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"माझी माणसं तिकडे रेडिओला कान लावून बसलीत, आणि मी इथे तिहाया मारू? जमणार नाही."

"मग बैठकीचं काय?"

"कफीलकडे अर्ज टाकलाय. कागद झाले की खुरूज." कफील म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो तो मालक, आणि खुरूज म्हणजे कायमची एक्झिट. गेलं माणूस की परत यायचं नाव नाही!

गंमत अशी की हे सांगूनही गृहस्थ दर शुक्रवारी येत होते. कोपऱ्यात बसायचे, चहा प्यायचे, आणि मी समेवर चुकले की कपाळाला हात लावायचे. तबल्याला मात्र शिवायचे नाहीत. बिनतबल्याचं गाणं म्हणजे बिनमिठाची आमटी. हा माणूस गेला तर आमची बैठक बसली, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून मी मनाशी ठरवलं, येईल तो सण दणक्यात करायचा. एखाद्या सणाला तरी विरघळतील!

*

पहिला आला हादगा. एरवी फेर धरायला मीना पुढे असायची, त्या वर्षी पुढारीपण माझ्याकडे आलं. आतल्या अंगणात पाट मांडला, पाटावर तांदळाचा हत्ती काढला, आणि आम्ही बायका हात धरून फिरायला लागलो. हस्ताचा पाऊस तिथे कुठला! पण गाणी म्हणता म्हणता अंगात असा उत्साह आला की आवाज कधी चढला ते कळलंच नाही.

जिन्यावर चपला वाजल्या. घरमालकाची आई! वरच्या मजल्यावरून ही आजी कधी खाली उतरायची नाही. आता हत्तीभोवती फेर धरणाऱ्या बायका तिने पाहिल्या तर आमचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द आणि आम्ही विमानात. मी वाकून एका फटक्यात हत्तीचा ढीग केला आणि ओरडले, "बसा! निवडा!"

आजी आत येते तो अकरा बायका एका पाटाभोवती मान खाली घालून तांदूळ निवडतायत. आजी हळूच खाली बसली आणि आमच्याबरोबर निवडायला लागली. बराच वेळ निवडल्यावर झुबेदाभाभीकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाली. भाभीचा चेहरा पडला.

"काय म्हणतेय?"

"म्हनतेय, एवढ्या बायका, आनि एवढेसेच तांदूळ?"

दुसऱ्या दिवशी वरून अर्धं पोतं बासमती आला. आणणाऱ्या बाईबरोबर निरोपही होता, "पुढच्या वेळी जरा मोठ्याने गा. वर नीट ऐकू येत नाही."

वैद्यांना हे सांगितलं तर एवढंच म्हणाले, "तांदूळ चांगला आहे."

*

दिवाळीनंतर गावात जागोजागी चेकपोस्ट लागले. एका गुरुवारी इब्राहिमभाईंच्या घरी फराळ आणि गाणं ठरलं होतं. डिकीत पेटी, पुढे श्रीधर आणि वैद्य, मागे मी आणि आमची लेक रेवा. शिपायाने डिकी उघडायला लावली.

लाकडी खोका, बाजूला भाता, पितळेच्या कड्या. शिपाई दोन पावलं मागे सरकला. "हे काय आहे?"

आता आली का पंचाईत! बाजा म्हणावं तर जप्त होईल, आणि काहीच न म्हणावं तर तो बॉम्ब समजेल. श्रीधर नुसते "आँ, आँ" करत उभे. गाडीतून वैद्य हळूच म्हणाले, "बॉम्ब सांगा. शिक्षा कमी असेल."

शेवटी श्रीधरनी भाता उघडला आणि एक सूर धरला. मग दुसरा. घाबरलेला माणूस काय वाजवणार? हात आपोआप भैरवीवर गेला. शिपाई ऐकतोय. त्याने शिटी मारून दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मागे गाड्यांची ही रांग लागली! हॉर्नवर हॉर्न. श्रीधरनी घाम पुसत भाता बंद केला.

"खलास?" शिपाई नाराजीने म्हणाला.

"खलास."

"भारी आहे. पण दुःखी आहे," तो म्हणाला आणि हात हलवला, "यल्ला, जा. येताना आनंदाचं काहीतरी वाजव!"

येताना आम्ही दुसऱ्या रस्त्याने आलो. त्याचा मला आजही थोडा पश्चात्ताप होतो.

*

संक्रांत आली तेव्हा सद्दामला कुवेत सोडायला दिलेली मुदत संपायला एकच दिवस राहिला होता. बँकेतून गॅस मास्क घेऊन जा म्हणून फोन आला. मी तिळगुळाचा डबा घेऊनच गेले, रांगेतल्या प्रत्येकाला वाटला. एक हात मास्कसाठी पुढे, दुसरा तिळगुळासाठी.

हळदीकुंकवाला मात्र आमच्याएवढी सोय जगात कोणाची झाली नसेल. संक्रांतीला काळं नेसायचं ना? घरातून निघताना आम्ही सगळ्या नखशिखांत काळ्या! रेवा म्हणाली, "आई, हिअर एव्हरी डे इज संक्रांत!" मी तिला दटावलं, पण हसू आवरेना.

वैद्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सांगितलं, "गोड बोला."

"बोलेन," ते म्हणाले, "पण वाजवणार नाही."

*

आणि मग आली सीलबंद खोली!

विषारी वायू येऊ नये म्हणून एक खोली बंद करायची, असा हुकूम होता. खिडक्यांना प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. श्रीधरनी आमची बेडरूम अशी चिकटवली की माशी आत यायची नाही. लढाई सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सगळे आमच्याकडे जमले होते, दिवेलागणीलाच सायरन झाला आणि आम्ही पेटीसकट आत घुसलो. दार लावून पट्टी मारल्यावर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आत वायू येत नाही, म्हणजे बाहेर आवाज जात नाही! तीन वर्षं आम्ही दाराला गाद्या टेकवत बसलो होतो, आणि सरकारने घरबसल्या स्टुडिओ करून दिला!

आधी मास्क घालूनच तान घेऊन पाहिली. डब्यात भुंगा अडकल्यासारखी वाटली. मास्क काढला. बाहेर सायरन चढत चढत वर जाऊन एका सुरावर स्थिरावला होता. श्रीधरनी पेटीवर बोट फिरवलं आणि आनंदाने किंचाळले, "काळी चार! पक्की काळी चार! थोडी चढी आहे, पण चालेल!"

तंबोऱ्याची गरजच उरली नाही. मी त्या सायरनच्या सुरात षड्ज लावला आणि सोडला गळा मोकळा! तीन वर्षांची कुजबुज एका दमात बाहेर पडली. भीती होती, नाही कशी म्हणू? पण असा आवाज माझा त्याआधी कधी लागला नव्हता. कुठेतरी लांब धाडदिशी झालं, खिडकीचं प्लास्टिक फुगलं, आणि तेवढ्यात मला दिसलं की वैद्यांची बोटं मास्कच्या खोक्यावर चालली आहेत. ठेका! साधा, पण ठेकाच! त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी पटकन दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिले.

ऑल क्लिअर झालं तरी मी गातच होते. शेवटी इब्राहिमभाई हात जोडून म्हणाले, "वहिनी, सद्दाम दमला. आता तुमी पन थांबा, जेवायचा हाय!"

*

फेब्रुवारीत मी जाहीर केलं, होळी खरी पेटवायची. सगळे म्हणाले, "गोवऱ्या कुठून आणणार?" खरंच, अख्ख्या वाळवंटात शेण कुठे शोधायचं? इब्राहिमभाईंचा मेहुणा हसन रियाधजवळच्या अल खर्ज गावी एका डेअरीवर मुकादम होता. तिथे परदेशी गाईंची ही रांग! हसनने मागच्या भिंतीवर गोवऱ्या थापल्या.

चार दिवसांनी डेअरीचा गोरा मॅनेजर भिंतीसमोर उभा. "हे काय आहे?"

हसन म्हणाला, "सर, इंडियन फ्युएल."

मॅनेजरने नाकाला रुमाल लावून सगळी भिंत नीट पाहिली. दुसऱ्या दिवशी गोठ्यावर नोटीस लागली, पेट्रोल वाचवण्यासाठी कामगारांनी सुचवलेल्या उपायांचं स्वागत आहे!

*

आणि होळीच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, लढाई थांबली! सकाळीच रेडिओवर ऐकलं आणि आम्ही घरभर नाचलो. दुपारी गाड्या भरून अल खर्ज. वैद्य यायला तयार नव्हते. बुधवारीच त्यांच्या पासपोर्टवर खुरूजचा शिक्का पडला होता. विमानतळ उघडला की पहिल्या विमानाने निघायचं म्हणत होते. मीनाने मात्र फोनवर रडून सांगितलं होतं, "लढाई संपली तर आम्हीच येतो, तुम्ही घाई करू नका." ते काही ऐकेनात. "शेवटचं जेवण तरी जेवा," असं म्हणून मी त्यांना गाडीत कोंबलं.

डेअरीच्या मागे मोकळं रान. हसनच्या गोवऱ्या, त्यावर मशिनच्या खोक्यांच्या फळ्या. सूर्य बुडाला, नारळ टाकला, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, होळी पेटली. पण बोंब मारायला कोणी धजेना. इतक्यात हमरस्त्यावरून सौदी पोरांच्या गाड्या झेंडे फडकवत, हॉर्न वाजवत गेल्या. इब्राहिमभाई म्हणाले, "आता कोन ऐकतंय?" आणि तोंडावर उलटा हात मारून त्यांनी अशी बोंब ठोकली की दापोलीला ऐकू गेली असेल! मग आम्हीही सुटलो. रेवा तर थांबेचना.

तेवढ्यात वाळूतून एक पिकअप थेट आमच्याकडे आली. सगळ्यांचे हात तोंडावरच राहिले. गाडीतून पाच-सहा बेदुईन, म्हणजे वाळवंटातले अरब, उतरले. पुढे अबू सालेम, डेअरीचा म्हातारा राखणदार, हातात भला मोठा डफ. त्याला वाटलं होतं आम्ही लढाई संपल्याचा आनंद करतोय! तोही आनंद करायलाच आला होता, फक्त थंडीने डफाचं चामडं सैल पडलं होतं.

"थोडी आग द्याल का?" त्याने विचारलं.

त्याने डफ जाळाजवळ धरला. टपली मारली. बद्द. परत धरला. परत बद्द. वैद्य लांब उभे राहून बघत होते. त्यांची चुळबुळ मला दिसत होती. तिसऱ्यांदा बद्द झालं आणि त्यांना राहवेना. "अरे, मध्ये नको तापवू, कडेने फिरव!" असं चक्क मराठीत ओरडत ते पुढे गेले आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातून डफ काढून घेतला. जाळावर फिरवला, कानाशी नेला, पुन्हा फिरवला. मग एक थाप मारली.

काय तो नाद! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि मग वैद्य थांबलेच नाहीत! समोर बेदुईन खांद्याला खांदा लावून रांगेत डोलतायत, इकडे आम्ही होळीभोवती फेर धरलाय, मी गळा काढून गातेय, श्रीधर रिकामा डबा बडवतायत. अबू सालेम टाळ्या वाजवत वैद्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. दर थोड्या वेळाने चामडं उतरायचं, वैद्य जाळाकडे धावायचे, तापवायचे, पुन्हा सुरू!

जरा दम खायला थांबलो तेव्हा अबू सालेमने विचारलं, "हा सण कसला?"

इब्राहिमभाईंनी सांगितलं, "थंडी जाळतो आम्ही. दर वर्षी."

"दर वर्षी? मग पुढच्या वर्षी लाकडं मी आणीन."

इब्राहिमभाईंनी ते मराठीत सांगितलं मात्र, आम्ही सगळे वैद्यांकडे बघायला लागलो. ते आमच्याकडे पाठ करून वाकून डफ तापवत होते. मागे वळूनही न बघता खेकसले,

"त्याला म्हणावं बाभळीची आण! ह्या खोक्यांच्या फळ्यांवर चामडं धड तापत नाही!"