खाकी वाकळ आणि घोटभर बिअर

माझी मुलगी पुण्यात बिअर बनवते, हे मी जुळे सोलापुरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर 'फूड टेक्नॉलॉजीत आहे' म्हणायचं आणि विषय पाण्यावर नाहीतर कॉलनीतल्या कुत्र्यांवर न्यायचा. तसं ते खोटं नव्हतं, शिक्षण तिचं त्यातलंच. पण आमच्या लिंगायत घरात गळ्यात लिंग, सोमवारी बेल वाहायचा, आणि पोरगी मोठमोठ्या टाक्यांत धान्य आंबवते, हे काही माझ्या जिभेवर यायचं नाही. खरं कारण मात्र धर्माचं नव्हतंच. दारूचा विषय निघाला की मी उठून दुसरीकडे जायची, ते का, हे फक्त माझ्या आईला आणि मला ठाऊक होतं. निदान मी तसं समजत होते.

गेल्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, मुलीचा फोन आला.

"आई, आज्जीच्या हातच्या गोधड्या किती आहेत गं आपल्याकडे?"

तिच्या ब्रूअरीत अधूनमधून चवी घेण्याची बैठक असते. लोक टेबलाभोवती बसतात, प्रत्येकासमोर छोटे छोटे ग्लास ठेवतात आणि प्रत्येक बिअरबरोबर तिला शोभेल असं काहीतरी खायला देतात. मुलीला या वेळी खाण्याच्या जागी गोधड्या ठेवायच्या होत्या.

"म्हणजे काय करायचं लोकांनी?" मी विचारलं.

"गोधडी मांडीवर घ्यायची, हात फिरवायचा. कुणी शिवली, कशातून शिवली ते ऐकायचं आणि ऐकता ऐकता प्यायचं. जुन्या मऊ लुगड्याच्या गोधडीला गव्हाची हलकी बिअर, जाडजूड गोधडीला काळी, कडू. ज्यांना दारू नको त्यांना सरबत. कळलं?"

"नाही."

"करूनच दाखवते. आधी आपल्या गच्चीवर. माझे चार मित्र-मैत्रिणी येतील. आज्जीलाही आण."

नाही म्हणायला हवं होतं. पण आईच्या वाकळींविषयी आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं, हेही खरं. आई गोधडीला वाकळच म्हणते. चादरींच्या या गावात पाहुण्यांसमोर घडी न मोडलेली नवी चादर टाकतात. वाकळ असते ती गादीच्या खाली किंवा कपाटाच्या वर. आपली नात आपलं शिवण चारचौघांत मांडणार म्हटल्यावर आई खूश होईल असं वाटलं, आणि मी रविवारी सांगोल्याला जाऊन तिला गाडीत घालून आणलं.

सांगोल्याच्या घरातून निघताना तिनं मोठं गाठोडं मांडीवर घेतलं. गाठीतून खाकी कापडाचा कोपरा बाहेर आला होता. मी गाडीची चावी फिरवता फिरवता थांबले.

"ती कशाला घेतलीस?"

"पोरीनं समद्या आन म्हून सांगितलं की."

मला वाटलं होतं, बाबा गेल्यावर तिनं ती टाकून दिली असेल. घरी पोचल्यावर मी बाकीच्या वाकळी वर नेल्या आणि खाकी तेवढी गाडीच्या डिकीत ठेवून दिली. तासाभरानं, पुण्याहून आलेली मुलगी पाण्याची बाटली आणायला गाडीपाशी गेली आणि ती वाकळ खांद्यावर टाकूनच वर आली. "हीच विसरलीस! सगळ्यांत भारी हीच आहे."

गच्चीवर सतरंजी अंथरली होती. ऊन उतरलं होतं, थोडा गारवा होता. ताटांत कडक भाकरीचे तुकडे, शेंगदाण्याची चटणी, दही. मुलीचे मित्र सगळे पुण्यामुंबईचे, पण पोरं चांगली होती. आल्या आल्या आईच्या पाया पडली. आईला खुर्ची दिली, हातात ताकाचा ग्लास दिला. ती नव्या साडीत बसली होती आणि पदर सारखा सारखा नीट करत होती.

पहिली वाकळ तिच्या इरकली लुगड्यांची. मुलीनं तिच्याबरोबर गव्हाची बिअर ओतली. आईनं सांगितलं, हे लुगडं माझ्या भावानं घेतलं होतं, हे मी पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा नेसले होते. सगळे मन लावून ऐकत होते. दुसरं माझ्या मुलीचं लहानपणचं दुपटं. त्याच्याबरोबर सांगोल्याच्या डाळिंबाचं सरबत दिलं. मुलगी म्हणाली, "हे माझं, म्हणून गोड." सगळे हसले. मीही हसले. क्षणभर मला वाटलं, उगाच घाबरत होते.

मग खाकी वाकळ आली.

"ही माझ्या आजोबांच्या पँटींची," मुलगी म्हणाली. "आजोबा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे." तिनं काळी बिअर ओतली आणि वाकळ एका मित्राच्या मांडीवर पसरली. त्यानं हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"आत काही आहे का? कागदासारखं वाजतंय."

सगळ्यांनी हात लावून पाहिला. मी भाकरीचं ताट उचलून खाली जायला निघाले, तेवढ्यात आई म्हणाली, "मला बी दे गं घोटभर."

"आई!" मी म्हणाले.

"बगू दे की. उभा जलम वास घेतला, चव न्हाय घेतली कदी."

मुलीनं हसत हसत ग्लास तिच्या हातात दिला. आईनं घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. ग्लास उजेडाकडे धरून पाहिला.

"कडू हाय," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "ह्याच्यापायी व्हय?"

"कशापायी, आज्जी?"

"तुजे आजोबा पिऊन यायचे. झोपंत त्यांला कळायचं न्हाय, गादी भिजायची. सकाळी त्यांला शाळंत जायचं आसायचं, लेक उठायच्या आत मला समदं धुवावं लागायचं. मग खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद आत घातला आन वरून त्यांच्याच जुन्या पँटी शिवल्या. लई टिकली."

स्वयंपाकातलं काहीतरी सांगावं तसं ती सांगत होती. त्या मुलाचा हात वाकळीवर तसाच राहिला होता. त्यानं तो काढून घेतला नाही, हे मला आज आठवतं. त्या वेळी मला फक्त माझे कान तापलेले जाणवत होते.

"काहीतरीच बोलते ती," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "वय झालंय तिचं. हल्ली असं काहीबाही मिसळतं डोक्यात. कुणाचं तरी कुणाला लावते. माझे वडील शिक्षक होते."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग ग्लास खाली सतरंजीवर ठेवला.

"व्हय," ती पोरांना म्हणाली. "वय झालं. इसरायला हुतं."

त्यानंतर कार्यक्रम झाला, पण नुसता उरकला. पोरांनी चटणीचं कौतुक केलं, सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी विचारलं. आई हातातल्या ताकाकडे बघत बसली होती.

पाहुणे गेल्यावर मी ग्लास धूत होते. मुलगी येऊन ओट्याला टेकली.

"आज्जी खोटं बोलत नव्हती ना?"

मी नळ सोडलेलाच ठेवला.

"कागद खरा आहे, आई. मी हात लावून पाहिलाय."

"हो," मी म्हणाले.

"मग तू तिला सगळ्यांसमोर खुळी ठरवलंस." ती ओरडली नाही. "माझ्याबद्दलही बाहेर असंच काहीतरी सांगतेस, माहितीये मला."

मी पुढचा ग्लास विसळायला घेतला. 

दुसऱ्या दिवशी आईनं मला स्टँडवर सोड म्हणून सांगितलं. गाडीनं सोडते म्हटलं तर नको म्हणाली. बाकीच्या वाकळी नातीसाठी ठेवल्या आणि खाकी तेवढी घेऊन गेली. एसटीच्या खिडकीतून तिनं मला नीट जा, जेवून घे, असंच सगळं सांगितलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग फोनवर तेच. "बरी हाय." "जेवले." "ठिवू का?" मी रोज ठरवायची, आज विषय काढायचा, आणि रोज ऑफिसचं काम काढून बसायची. खुळी म्हणून दाखवलेली आई माझी होती, आणि तिनं ते सगळ्यांदेखत मुकाट कबूल करून टाकलं होतं, माझी अब्रू राहावी म्हणून. तिनं बाबांसाठी जे केलं, तेच माझ्यासाठी केलं.

महाशिवरात्रीची सुट्टी आली तेव्हा मी सांगोल्याला गेले. ओट्यावर आई आणि शेजारच्या काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. काकू म्हणजे आमच्या लहानपणापासून भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. मला बघून म्हणाल्या, "काय गं, सोलापुरात लई मान दिला म्हनं आईला. खुर्चीवर बसवून समद्यांनी ऐकून घेतलं. हीच सांगत हुती."

आई शेंगा फोडत राहिली. तिनं इथेही माझं झाकलं होतं.

"तसं नाही झालं, काकू," मी म्हणाले. "मी तिला चारचौघांत खोटं पाडलं. बाबांच्या वाकळीवरून."

"आगं, ऱ्हाऊ दे की," आई म्हणाली.

काकूंचे हात थांबले नाहीत. "खाकी वाकळ व्हय? रोज सकाळी भितीवर वाळत टाकलेली दिसायची की आमाला. आमच्या ह्यांनी किती येळा धरून आनलंय गुरुजींना. समद्या गल्लीला ठाऊक हुतं. पर कोन बोलनार? आमची पोरं त्यांच्याच हाताखाली शिकली." त्यांनी आणखी मूठभर शेंगा पुढ्यात घेतल्या. "तुला म्हाईत न्हवतं व्हय, आमाला म्हाईत हाय ते?"

मला माहीत नव्हतं. मी त्या गल्लीतून मान खाली घालून शाळेत जायची, कुणाला कळू नये म्हणून मैत्रिणींना घरी आणायची नाही. आणि ओट्याओट्यावरून माझ्याकडे बघून हसणाऱ्या बायका सगळं जाणून हसत होत्या.

काकू गेल्यावर मी म्हणाले, "आई, माझं चुकलं."

"मला राग न्हाय आला," ती म्हणाली. "लाज वाटली."

"बाबांची?"

"त्यांची कशाला? त्यांला झेपत न्हवतं, ते दिसत हुतं मला. तुजी वाटली."

ती सुपातला कचरा निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही. मी तिथेच ओट्यावरून मुलीला फोन लावला आणि आईला ऐकू जाईल असा धरला. म्हणाले, आज्जी म्हणाली ते सगळं खरं आहे, तुझ्या मित्रांना सांग. मुलगी म्हणाली, "मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. पण तू म्हणालीस, हेही सांगते." मग तिनं विचारलं, "ती वाकळ पुण्याच्या कार्यक्रमात ठेवू?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला 'हो' म्हणायचं होतं. मी "बघू" म्हणाले.

माझ्या त्या 'बघू'साठी आई थांबली नाही. उन्हाळा लागता लागता ती एकटीच एसटीनं पुण्याला गेली आणि वाकळ नातीच्या हातात देऊन आली. येताना सांगून आली, हिच्यापुढं काळी बिअर नको, कोरा चहा ठेव. सकाळी उठल्यावर बाबा कुणाशी बोलायचे नाहीत, चुलीपाशी बसून तेवढा चहा प्यायचे आणि शाळेत जायचे.

कार्यक्रमाला मी गेले. मागच्या बाजूला, खांबाच्या आडोशाला खुर्ची धरून बसले. त्या मोठ्या खोलीत आंबलेल्या धान्याचा वास भरून राहिला होता आणि तरुण माणसं चकचकीत टाक्यांजवळ उभी राहून फोटो काढत होती. पुढे बसलेल्या आईनं सगळं पुन्हा सांगितलं, प्लास्टिकच्या कागदासकट. लोकांनी चहाचे छोटे पेले हातात धरले होते. कुणी हसलं नाही. ती सांगत असताना मी तीनदा तरी मोबाईल काढून उगाच बघितला.

सांगून झाल्यावर पुढच्या एका बाईंनी विचारलं, "आजी, तुमच्या मुलांना हे माहीत होतं?"

"म्हाईत हुतं की," आई म्हणाली. "लेक आलीया न्हवं माजी. ती बगा, मागं बसलीया."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. माझे कान पुन्हा तसेच तापले. मी खांबाच्या आडून खुर्ची थोडी बाहेर ओढली आणि म्हणाले, "हो, माहीत होतं."