शेवटच्या खांबावरचे दोनशे तीस

आमच्या वीज कार्यालयात त्या लाइनमनला सगळे टेस्टर म्हणायचे. खिशात पेन नसलं तरी टेस्टर असायचाच. वादळातही खांबावर चढेल, पण साहेबासमोर त्याची दातखीळ बसायची.

त्याच्या लाइनच्या अगदी टोकाला थोरल्या बहिणीची पिठाची गिरणी होती. भाऊजी गेल्यापासून ताईचं घर तिच्यावरच चालायचं. पण मोटरला लागायचे दोनशे तीस व्होल्ट, आणि दुपारी तिथे पोचायचे जेमतेम एकशे सत्तर. मोटर कण्हायची, तापायची. दोनदा जळाली. आता जळाली तर गिरणीला कुलूप लावणार, असं ताईने सांगून टाकलं होतं.

दर आठवड्याला लाइनमनने टोकाचं व्होल्टेज मोजून रजिस्टरमध्ये लिहायचं, असा आमच्याकडे नियम. कमी लिहिलं की मेमो त्यालाच, जणू वाटेत वीज यानेच पिऊन टाकली. म्हणून सगळे डोळे झाकून दोनशे तीस लिहायचे. टेस्टरनेही आठ वर्षं तेच लिहिलं. ते कॉम्प्युटरमध्ये मी भरायचो, तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

मग लाइनला जागेवरच वीज पुरवणारा एक छोटा सौर प्रकल्प मंजूर झाला. व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त पडतं, तिथे तो बसवायचा होता. टेस्टर लगेच ताईला सांगून आला, आता आपलाच नंबर.

जागा ठरवायला आलेल्या इंजिनीअर बाईंनी आमच्या रजिस्टरांवरूनच हिशेब मांडला. प्रकल्प दुसऱ्या लाइनवर गेला. तिथला लाइनमन खरे आकडे लिहायचा आणि मेमो खायचा. आम्ही त्याला खुळ्यात काढायचो.

टेस्टरने जन्मात पहिल्यांदा साहेबलोकांसमोर तोंड उघडलं. माझे आकडे खोटे आहेत, पुन्हा मोजून देतो, म्हणाला. बाईंनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. "सह्या तुमच्याच आहेत ना? अहवाल वर गेला."

संध्याकाळी तो मला सोबत घेऊन गिरणीवर गेला. एकट्याने जायची हिंमत नव्हती. ताईने पट्टा थांबवला, हात झटकले आणि आपल्याला का नाही मिळालं, असं विचारलं. त्याने सगळं सांगितलं. तिने मोटरकडे बोट दाखवलं.

"मोटर जळाली, त्या दिवशीपण दोनशे तीसच लिहिलंस?"

"त्या दिवशीपण."