आबांचं दावं

"समदे दावणीला हायत का, बाई?"

दुधाची किटली उंबऱ्यावर ठेवली की आबांचा पहिला प्रश्न हाच. दावण म्हणजे गोठ्यात गुरं ओळीनं बांधतात ती जागा. मुलांनो, तुमचे आईबाबाही त्यांच्या लेखी दावणीचेच. मी म्हणायचे, "आबा, एक टोरांटोला, एक सिडनीला." ते मान हलवायचे. "मंग येत्याल की. आज न्हाई तर उद्या." टोरांटो जणू सोनपेठच्या पुढं दोन थांबे.

पाथरीला आमच्या मागच्या गल्लीत त्यांचा गोठा होता. लाल कंधारी गाई पाळायच्या, गोऱ्हे वाढवून बाजारात विकायचे, हा त्यांचा जन्माचा धंदा. आपल्याकडे रीत अशी, की जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, द्यायचा नाही. घेणाऱ्यानं आपला आणायचा. विकणारा जुना घरी नेतो. दावं घरात असलं की गेलेलं परत येतं, असा आबांचा विश्वास. आबांच्या पडवीत खुंटीवर अशी पंधरा-वीस दावी होती. कोणतं कुणाचं, हे ते डोळे मिटून, वास घेऊन सांगत. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. माझ्या डाळींच्या डब्यांनाही चिठ्ठ्या असतात. मी सुचवलं, "प्रत्येक दाव्याला नावाची चिठ्ठी बांधू या."

"कशापायी? गाय काय चिठ्ठी वाचून येती व्हय?"

त्यांच्या मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी आबा दिसेनात. सगळे रडत होते, त्यांची बायको, आमच्या काकू, हाका मारत होत्या. शेवटी ते पडवीत सापडले. मुलीची शाळेतली लाल रिबन दाव्यांशेजारी खुंटीला बांधत होते.

"लेकीची गाय केली व्हय तुमी?" काकू कडाडल्या.

"ऱ्हाऊ दे. वाट इसरत न्हाई."

मग दर पंचमीला मुलगी माहेरी आली की किटली खाली ठेवायच्या आधीच सांगायचे, "बगा बाई, आली का न्हाई?"

काकू गेल्या आणि आबा एकटे पडले. मुलगा पुण्यात नोकरीला होता. माझा विद्यार्थी. एका रविवारी तो माझ्याकडे आला. "बाई, आबा गोठ्यात दोनदा पडलेत. पुण्याला चला म्हणलं तर माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील."

मला पटलं. नेहमीप्रमाणे कागदावर मुद्दे काढले: दवाखाना जवळ, जेवण वेळेवर, नातवंडं डोळ्यांसमोर. आबांना बोलावून क्रमानं वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग तुमी का जात न्हाई, तुमच्या लेकरांकडं?"

मी कागदाची घडी घातली. "माझं वेगळं आहे, आबा."

"आसंल. तुमी म्हनता तर जातो."

गाई विकल्या. निघायच्या दिवशी सकाळी आबा किटलीशिवाय आले. खांद्यावर एक दावं होतं. नवंकोरं, अंबाडीचं, स्वतः वळलेलं. एकाही जनावराच्या गळ्यात न गेलेलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

"कोणत्या गाईचं, आबा?"

"गाईचं न्हाई. मी जायलोय न्हवं?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. मी पुढं काही विचारायच्या आत ते पायऱ्या उतरले.

तेव्हापासून माझा गोंधळ आहे. दावं त्यांनी स्वतःच्या खुंटीला का नाही लावलं? घराला कुलूप लागणार होतं म्हणून? पण रीत म्हणते, दावं विकणाऱ्याकडे राहतं. मग मी कोण? परत यायची वाट त्यांनी माझ्या दारापर्यंत आखून ठेवली, की 'तुम्हीच मला पाठवलंत' हे सांगून गेले? कधी वाटतं, एवढा विश्वास माझ्यावर कुणीच टाकला नाही. कधी वाटतं, इतक्या हळू आवाजात मला कुणी रागावलंही नाही. त्यांचा त्या दिवशीचा चेहरा आठवून बघते. त्यात काही वाचता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आबा पुण्यातच वारले.

गेल्या महिन्यात मुलगा घर आवरायला आला होता. माझ्याकडे चहा पिताना दाराजवळच्या खिळ्याला टांगलेल्या त्या दाव्याकडे बघत राहिला.

"बाई, दवाखान्यात सारखं विचारायचे, बाईकडं दावं हाय न्हवं? आमाला वाटलं, भ्रम झालाय." मग कप खाली ठेवून म्हणाला, "नेऊ का मी?"

"ने की," मी म्हणाले. पण खिळ्यावरून काढायला मी उठले नाही.

तोही उठला नाही.