सगळी चित्रं बघून जायची

आमच्या वसईतल्या सातिवलीच्या कारखान्याने मला नवीन मशीन शिकायला जर्मनीला पाठवलं होतं. एका रविवारी मी तिथल्या आधुनिक चित्रांच्या संग्रहालयात निवांत फिरत होतो. नुसत्या लाल रंगाच्या एका भल्यामोठ्या चित्रापुढे, साडीवर स्वेटर घातलेल्या एक बाई गुडघा चोळत बसल्या होत्या. "काय बाई हे!" असं त्या पुटपुटल्या, तेव्हा मी थांबलोच. बोलता बोलता त्याही वसईच्या निघाल्या, केळीच्या वाडीवाल्या. लेकीकडे आल्या होत्या.

"मुलाने बँकेतली नोकरी सोडली. असलीच चित्रं काढतो," त्या म्हणाल्या. "चार महिने त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत."

"तुम्हाला कळतात ही चित्रं?"

"नाही हो. पण बघा, कोपऱ्यापर्यंत रंग कसा मन लावून भरलाय. टंगळमंगळ करणाऱ्याचं काम नाही हे."

अजून दोन मजले बाकी होते. त्यांचा गुडघा पाहून मी म्हणालो, "सगळं नाही पाहिलं तरी चालेल."

"तुम्हाला चालेल. मला त्याच्या वडिलांशी बोलायचंय."

कठडा धरून त्या जिना चढू लागल्या. पुढे घरी काय झालं ते मला कळलं नाही. पण त्या बोलल्या असणार, याची मला खात्री आहे.